छर्रे, वाटी आणि कोन : सायकलच्या चाकाचे बेअरिंग निवडताना

सायकलच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या आणि ज्याच्या दोन्ही कडांना तारा अडकवलेल्या असतात त्या पोकळ धातूच्या भागाला हब म्हणतात. या हबमधून आरपार गेलेला पोलादी आस चिमट्यात नटांनी आवळलेला असल्यामुळे स्थिर राहतो आणि हब मात्र चाकासह त्याच्याभोवती फिरतो. स्थिर आस आणि फिरता हब यांच्यामधले घर्षण कमी करण्यासाठी जे यंत्रांग बसवलेले असते ते बेअरिंग होय. ते झिजले की चाक डुगडुगते, ब्रेकचे रबर रिमला एका बाजूने घासू लागते, पायडल मारताना खरखर जाणवते, आणि तरीही सायकल तशीच चालवत राहिल्यास शेवटी हबच निकामी होऊन संपूर्ण चाक बदलण्याची वेळ येते. बदलून घालायचे बेअरिंग टिकाऊ असावे आणि परवडणारेही असावे ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु टिकाऊपणा म्हणजे जास्त किंमत, जास्त अचूकता किंवा परदेशी शिक्का असे समीकरण अनेकांच्या मनात पक्के झालेले असते, आणि नेमके तेच समीकरण सायकलच्या बाबतीत लागू पडत नाही. सायकलच्या हबमधले बेअरिंग क्वचितच वजनाने मरते. ते पाण्याने, वाळूने आणि चुकीच्या बसवणीने मरते, आणि निवडीचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

या विषयाचा विचार करण्यासाठी कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर महामार्गालगत, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या हद्दीत पसरलेल्या या वसाहतीत इंजिनांचे, कास्टिंगचे, यंत्रभागांचे आणि सूत-कापडाचे कारखाने आहेत, आणि त्यांतील प्रत्येक मोटर, पंप, पंखा, चाती व लेथ बेअरिंगवरच फिरते. याच वसाहतीच्या रस्त्यांवरून कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी अशा आसपासच्या गावांतील माणसे कामावर ये-जा करतात, आणि त्यांच्यात दुचाकींच्या गर्दीतही सायकल टिकवून धरणारे लोक आहेत. कारखान्याच्या स्टोअरमध्ये ठेवलेले बेअरिंग आणि सायकल स्टँडवर उभ्या असलेल्या सायकलमधले बेअरिंग ही एकाच कुळातली यंत्रांगे आहेत. फरक आहे तो ती निवडण्यामागच्या काळजीत.

सायकलीबरोबर वाढलेले यंत्रांग

बॉल बेअरिंगचा इतिहास सायकलीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले होते, परंतु या कल्पनेला खरा वाव मिळाला तो पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ मध्ये सायकलसाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतल्यानंतर. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला झालेली पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर याने अशा बेअरिंगच्या सायकलवर जिंकली आणि नव्या यंत्रांगाचे महत्त्व सर्वांच्या नजरेत भरले. अडचण होती ती एकसारख्या गोल गोळ्यांची, कारण हाताने घासलेल्या गोळ्यांमध्ये एखादी जरी किंचित मोठी निघाली तरी सगळा भार तिच्यावरच येतो. ही अडचण जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीड्रिख फिशर याने १८८३ मध्ये गोळ्या घासण्याचे यंत्र तयार करून सोडवली, आणि त्याच्या नावातूनच पुढे एफएजी हा शिक्का जन्माला आला. स्वीडनमधील स्वेन विंगक्विस्ट हा गोटेनबर्गच्या एका कापड गिरणीत अभियंता होता. तिथल्या भुसभुशीत जमिनीमुळे गिरणीचे लांब शाफ्ट सतत वाकडे होत आणि बेअरिंग खराब होत, म्हणून त्याने स्वतःला सरळ राखणारे बेअरिंग शोधले आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली.

कागलच्या वसाहतीशी या इतिहासाचे एक जवळचे नाते आहे. इथे ज्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, त्या किर्लोस्कर उद्योगसमूहाची सुरुवात १८८८ मध्ये, याच महामार्गावर पुढे असलेल्या बेळगावात, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सायकलच्या दुकानातून झाली. लोखंडी नांगर, कडबा कापणी यंत्र, किर्लोस्करवाडी आणि इंजिने हे सारे नंतरचे. दक्षिण महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाची एक मोठी शाखा सायकलच्या दुकानातून फुटली, ही गोष्ट सायकलच्या एका लहानशा भागाकडे कमीपणाने पाहणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

बेअरिंग म्हटले की कोल्हापूरच्या कारखानदाराच्या डोळ्यांपुढे आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे गोकुळ शिरगावच्या मेनन बेअरिंग्जसारख्या कारखान्यात तयार होणारे इंजिनाचे साधे बेअरिंग, म्हणजे पोलादी पट्टीवर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा थर चढवून केलेले अर्धगोल कवच किंवा बुश. त्यात एकही गोळी नसते. फिरणारा शाफ्ट दाबाखालच्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. सायकलच्या चाकाला तेलाचा पंप नाही आणि तेलाचा थर टिकण्याइतका वेगही नाही, म्हणून तिथे घसरण्याऐवजी लोळणाऱ्या गोळ्यांची, म्हणजेच छर्‍यांची, गरज पडते.

वाटी, कोन आणि सुटे छर्रे

आपल्याकडच्या काळ्या, उंच, २८ इंची चाकांच्या सायकलीत आजही वाटी-कोन पद्धतीचा हब असतो. हबच्या दोन्ही टोकांना आत दाबून बसवलेली कठीण पोलादाची वाटी, आसावर आट्यांनी फिरवून पुढे-मागे करता येणारा निमुळता कोन, आणि या दोहोंच्या मधल्या खाचेत ग्रीसमध्ये बसवलेले सुटे छर्रे अशी त्याची रचना असते. पुढच्या हबमध्ये बहुधा ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.७६ मिलिमीटर व्यासाचे, एका बाजूला दहा छर्रे, तर मागच्या हबमध्ये बहुधा पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे, एका बाजूला नऊ छर्रे असतात. संख्या पाठ नसेल तर वाटी छर्‍यांनी पूर्ण भरून त्यातून साधारण एका छर्‍याची जागा मोकळी ठेवावी, हा कारागिरांचा जुना नियम आजही खरा ठरतो.

या रचनेत आधी कोण झिजते हे पाहणे उद्बोधक आहे. आस स्थिर असतो आणि सायकलस्वाराचे वजन त्याला सतत खालीच दाबत असते, त्यामुळे कोनाच्या खालच्या एकाच भागावर भार येत राहतो, तर वाटी चाकाबरोबर फिरत असल्याने तिच्यावरचा भार चहूबाजूंनी वाटला जातो. म्हणूनच उघडलेल्या हबमध्ये वाटी चकचकीत आणि कोनावर मात्र एकाच ठिकाणी बारीक खड्डे असे दृश्य वारंवार दिसते. रॉकेलने धुऊन कोरड्या केलेल्या कोनाच्या धावेवरून, म्हणजे छर्रे ज्या पट्ट्यावरून धावतात त्यावरून, बॉलपेनचे टोक हळू फिरवले की डोळ्यांना न दिसणारा खड्डाही टोकाला अडखळून हाताला कळतो. असा खड्डा लागला तर नुसते छर्रे बदलून उपयोग नसतो, कारण जुना खड्डा नव्या छर्‍यांना काही आठवड्यांतच खराब करतो. कोन आणि छर्रे दोन्ही एकदम बदलणे हेच अखेरीस स्वस्त पडते.

छर्‍यांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली धातूची : चांगला छर्रा क्रोम पोलादाचा असतो, ज्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते आणि ज्याला इथल्या टूलरूममध्ये ईएन-३१ या नावाने ओळखतात; पाणी दिल्यानंतर, म्हणजे तापवून झटकन विझवून कठीण केल्यानंतर, त्याची कठीणता रॉकवेल सी मापनात साठीच्या पलीकडे जाते. स्वस्त छर्रे पुष्कळदा साध्या कार्बन पोलादाचे असून त्यांची केवळ वरची साल कठीण केलेली असते, आणि ती साल झिजली की आतला मऊ धातू झपाट्याने जातो. दुसरी गोष्ट गोलपणाच्या प्रतीची : ग्रेड २५ म्हणजे पूर्ण गोलापासूनचा फरक एका इंचाच्या दहा लाख भागांपैकी २५ भागांहून, म्हणजे सुमारे ०.६ मायक्रॉनहून, अधिक नसणे. ग्रेडचा आकडा जितका लहान तितका छर्रा अधिक गोल. सायकलसाठी ग्रेड २५ पुरेसा आहे आणि तो महागही नाही. मात्र एका वाटीतले सगळे छर्रे एकाच पाकिटातले असावेत आणि जुन्यात नवे मिसळू नयेत, कारण किंचित झिजलेल्या जुन्या छर्‍यांमध्ये पडलेला नवा, मोठा छर्रा साऱ्यांचा भार एकटा उचलतो.

औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्याला इथे एक मोह होऊ शकतो, तो म्हणजे न मिळणारा कोन लेथवर वळवून घेण्याचा. आकार हुबेहूब साधेलही, परंतु साध्या नरम पोलादाचा, पाणी न दिलेला कोन फार काळ टिकत नाही. ईएन-३१ घेऊन, वळवून, सुमारे ८४० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवून, मग कमी उष्णतेवर टेम्पर करून आणि शेवटी धाव ग्राइंडिंग करून घेतली तरच तो कोन खरा कोन होतो. कोल्हापुरात ही सगळी कामे होतात, पण एका नगासाठी त्यांचा खर्च तयार कोनाच्या कितीतरी पट होतो. दुर्मीळ जुन्या सायकलीसाठी तो सोसावा, रोजच्या सायकलीसाठी नव्हे.

चार आकडे काय सांगतात

नव्या गिअरच्या सायकलींपैकी पुष्कळांमध्ये बंद बेअरिंग असते, म्हणजे आतले कडे, बाहेरचे कडे, त्यांमधील छर्रे, छर्‍यांना ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा आणि दोन्ही बाजूंची झाकणे असा एकसंध नग. तो दुरुस्त करायचा नसतो, काढून नवा घालायचा असतो. सायकलच्या दुकानात हा नग कित्येकदा 'अमुक कंपनीच्या हबचा' म्हणून विकला जातो, परंतु त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचला तर तो बहुधा मोटरांमध्ये, पंपांमध्ये आणि मोजमापाच्या साधनांमध्ये वापरला जाणारा प्रमाणित नगच निघतो. बेअरिंगची बाह्य मापे आयएसओ १५ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेली आहेत, त्यामुळे जयपूर, चिंचवड किंवा बडोदा येथे तयार झालेला एकाच क्रमांकाचा नग त्याच जागी बसतो.

हा क्रमांक वाचणे अवघड नाही. ६००१ मध्ये पहिले दोन आकडे मालिका सांगतात आणि शेवटचे दोन आतल्या भोकाचा व्यास : ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे आकड्याला पाचाने गुणायचे. त्यानुसार ६००१ चे भोक १२, बाहेरचा व्यास २८ आणि जाडी ८ मिलिमीटर. ६२०१ चे भोक तेच, पण बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी १०, कारण ६२ ही मालिका ६० पेक्षा भरभक्कम आहे. याउलट ६८ आणि ६९ या मालिका पातळ कड्यांच्या असतात : ६९०२ म्हणजे १५, २८ आणि ७ मिलिमीटर, तर ६८०२ म्हणजे १५, २४ आणि ५. क्रमांक पुसला गेला असेल तर भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे व्हर्निअरने घेतली की क्रमांक पुन्हा सापडतो, आणि व्हर्निअर हाताळणारा माणूस या वसाहतीत शोधावा लागत नाही.

आयुष्याचे गणित

बेअरिंगच्या आयुष्याचे मूळ सूत्र आयएसओ २८१ या मानकात दिलेले आहे. बेअरिंगची गतिक भारक्षमता भागिले त्यावर प्रत्यक्ष येणारा भार, आणि त्या भागाकाराचा घन, म्हणजे आयुष्य दहा लाख फेऱ्यांमध्ये; एकाच प्रकारच्या शंभर नगांपैकी किमान नव्वद नग इतक्या फेऱ्या धातू न थकता पूर्ण करतात असा त्याचा अर्थ. ६००१ ची भारक्षमता सुमारे ५,१०० न्यूटन धरता येते. सायकल, स्वार आणि सामान मिळून शंभर किलो आणि त्यातले साठ किलो मागच्या चाकावर असे मानले, तर हबच्या दोन बेअरिंगपैकी प्रत्येकाच्या वाट्याला तीस किलो, म्हणजे सुमारे ३०० न्यूटन येतात. भागाकार १७, त्याचा घन ४,९१३, म्हणजे सुमारे ४९१ कोटी फेऱ्या. आणि चाक एका फेरीत २.२ मीटर जाते असे धरले तर एक कोटी किलोमीटरहून अधिक अंतर. खड्ड्यांचे हिसके गृहीत धरून भार दुप्पट मानला, तर घनाच्या नियमामुळे आयुष्य एक अष्टमांश होते, तरीही तेरा लाख किलोमीटर उरतात. वेगाचेही तसेच : ताशी २५ किलोमीटर वेगाने चाक मिनिटाला सुमारे १९० फेऱ्या घेते, तर रबरी सीलच्या ६००१ ला कॅटलॉगात दहा हजारांहून अधिक फेऱ्यांची मुभा असते.

हे आकडे प्रत्यक्षात कोणीही अनुभवत नाही, कारण त्याआधीच बेअरिंग गंजते किंवा घासले जाते. याच गणितातून एक उपयुक्त निष्कर्षही निघतो. सुमारे २,००० न्यूटन क्षमतेच्या ६८०२ चे आयुष्य त्याच हिशेबाने साडेसहा लाख किलोमीटर, आणि दुप्पट भाराला ऐंशी हजारांच्या आसपास येते. शिवाय त्यात छर्रे लहान, ग्रीसला जागा थोडी आणि सील अरुंद. म्हणून नवी सायकल किंवा नवा हब घेताना, निवडीला वाव असेल तर, ६००१ किंवा ६९०२ सारखे भरीव बेअरिंग असलेला हब घेणे हा टिकाऊपणाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पाणी, वाळू आणि क्रमांकापुढची अक्षरे

कागल परिसरात बेअरिंगचे शत्रू ऋतूनुसार बदलतात. जून ते सप्टेंबर या काळात पाऊस आणि रस्त्यावर साचलेले पाणी, दूधगंगा-पंचगंगेच्या खोऱ्यात पूर आला तर बुडालेले रस्ते. त्यानंतर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून रस्त्यावर आणलेली काळी माती, जी वाळली की धूळ होते. आणि फाउंड्र्यांच्या आसपास बारमाही उडणारी साच्याची वाळू. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना सिंधुदुर्गातील कासार्डे भागातून सिलिका वाळू येते आणि सिलिका म्हणजे गारगोटीच. तिचा कण पाणी दिलेल्या बेअरिंग पोलादालाही ओरखडतो. ग्रीसमध्ये मिसळलेला असा एक चिमूटभर चुरा पॉलिश पेपरसारखे काम करतो, आणि मग छर्रा क्रोमचा आहे की साधा, हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून क्रमांकापेक्षाही क्रमांकापुढची अक्षरे अधिक महत्त्वाची. झेडझेड किंवा टूझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. पत्रा आणि आतले कडे यांच्यात बारीक फट राहते, त्यामुळे ग्रीस आत राहते पण पाणी थांबत नाही. टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंना आतल्या कड्याला टेकणारे रबरी सील. जपानी कंपन्या हेच डीडीयू किंवा एलएलयू असे लिहितात. टेकलेल्या रबराचे घर्षण मोटरमध्ये खटकते, सायकलच्या संथ वेगात ते जाणवतही नाही. पुढचे अक्षर सी३ : बेअरिंगच्या आत छर्रे आणि कडी यांच्यात मुद्दाम राखलेल्या मोकळिकीचे ते माप आहे आणि ती नेहमीपेक्षा अधिक असल्याचे ते सांगते. मोटरमध्ये शाफ्ट तापून आतले कडे प्रसरण पावते, म्हणून ही जादा मोकळीक लागते. सायकलचा हब तापत नाही, तिथे सी३ नगाने चाकाला किंचित हलकावा राहू शकतो, म्हणून सी३ नसलेला, साध्या मोकळिकीचा नग बरा.

औद्योगिक वसाहतीतील खरेदीत चूक होते ती इथेच. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्यासाठी काउंटरवर तयार ठेवलेला '६००१ झेडझेड सी३' हा नग आपल्या कामासाठी उत्तम असतो, आणि सायकलवाला नुसते '६००१ द्या' म्हणाला तर बहुधा तोच हाती पडतो. मापे तंतोतंत, शिक्का नामवंत, किंमत योग्य, आणि तरीही सायकलसाठी निवड चुकीची. '६००१ टूआरएस, सी३ नको' एवढे चार शब्द बोलण्याला पैसे पडत नाहीत, पण पावसाळ्यातल्या टिकाऊपणात त्यांनी पडणारा फरक कोणत्याही महागड्या नगापेक्षा मोठा असतो.

ग्रीसचा विचार याला जोडूनच करावा लागतो. कारखान्यातून येणाऱ्या बंद बेअरिंगमध्ये आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकेच ग्रीस असते, कारण वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ते जास्त झाले तर तापते. संथ सायकलला ही मर्यादा लागू नाही. पातळ पात्याने सीलची कड अलगद उचलून, त्याची ओठासारखी आतली धार न दुखावता, आणखी ग्रीस भरून सील परत दाबले तर पाण्याला शिरायला जागाच कमी उरते. वाटी-कोनाच्या हबमध्ये तर ग्रीस सढळ हाताने भरावे. नेहमीचे लिथियमचे दोन क्रमांकाचे ग्रीस चालते, पाण्याला अधिक टिकणारे कॅल्शियम सल्फोनेटचे मिळाले तर उत्तम. तेल मात्र हबमध्ये ओतू नये, कारण ते ग्रीस पातळ करून बाहेर घेऊन येते; आणि सर्व्हिसिंग सेंटरवरचा पाण्याचा जोरदार फवारा हबवर कधीही मारून घेऊ नये, कारण रबरी सील पावसासाठी केलेले असते, दाबाच्या पाण्यासाठी नव्हे.

कशासाठी पैसे देऊ नयेत

एबेक १, ३, ५, ७ ही अमेरिकी प्रतवारी आणि पी०, पी६, पी५ ही आंतरराष्ट्रीय प्रतवारी बेअरिंगच्या मापांची आणि फिरण्याची अचूकता सांगते. पोलाद कोणते, सील कसले, ग्रीस किती यांबद्दल ती काहीही सांगत नाही. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या ग्राइंडिंग स्पिंडलला या अचूकतेची गरज असते. १९० फेऱ्या घेणाऱ्या चाकाला साध्या पी० प्रतीतच गरजेहून कितीतरी अधिक अचूकता मिळते. सिरॅमिक बेअरिंगमध्ये छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, ते गंजत नाहीत हे खरे, परंतु कडी पोलादाचीच राहतात आणि वाळू शिरली तर तीच आधी जातात. रोजच्या सायकलला हा खर्च शोभत नाही. स्टेनलेस पोलादाचे नग गंजाला चांगले तोंड देतात, मात्र त्यांची भारक्षमता क्रोम पोलादाहून थोडी कमी असते; ज्याची सायकल वारंवार पाण्यातूनच जाते त्याने त्यांचा विचार करावा.

पैसा द्यावा तो अस्सल मालाला. १९४६ मध्ये जयपूरला स्थापन झालेल्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजचा एनबीसी, चिंचवडला कारखाना असलेला एसकेएफ, बडोद्यात तयार होणारा एफएजी, खरगपूरचा टाटा अशा शिक्क्यांचे साध्या प्रतीचे टूआरएस नग काहीशे रुपयांत मिळतात, आणि सायकलसाठी यांपैकी कोणताही पुरेसा आहे. धोका आहे तो नकली मालाचा, कारण खोका, छपाई आणि कोरीव क्रमांक यांची नक्कल करता येते. अक्षरे अस्पष्ट, खोक्यावरचा क्रमांक आणि नगावरचा क्रमांक वेगळा, भाव बाजारापेक्षा फारच कमी, यांपैकी काही आढळले तर नग घेऊ नये. काही कंपन्यांनी खोक्यावरचा संकेत मोबाइलने तपासण्याची सोय केली आहे, तिचा उपयोग करावा. तथापि सर्वांत भक्कम संरक्षण म्हणजे अधिकृत वितरक आणि पक्के बिल. कारखान्यांचा खरेदी विभाग हेच करतो, आणि त्याच वितरकाच्या काउंटरवर दोन नग मागणाऱ्यालाही तोच माल मिळतो.

बसवणी

चांगले बेअरिंग चुकीने बसवले तर पहिल्याच दिवशी त्याचे आयुष्य संपू शकते. मोटरमध्ये शाफ्ट फिरतो, म्हणून आतले कडे शाफ्टवर घट्ट आणि बाहेरचे कडे घरात तुलनेने सैल असते. सायकलमध्ये आस स्थिर आणि हब फिरता, म्हणून नेमके उलटे : बाहेरचे कडे हबमध्ये घट्ट हवे आणि आतले कडे आसावर सहज सरकणारे. हबमध्ये नग दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. आतल्या कड्यावर ठोकले तर तो जोर छर्‍यांमधून जातो आणि धावेवर बारीक वळ उमटतात. या इजेला कठीणता मापनाची पद्धत देणाऱ्या स्वीडिश अभियंत्याच्या नावावरून ब्रिनेलिंग म्हणतात, आणि चाक फिरवताना ठरावीक अंतराने जाणवणारी टक-टक ही तिची खूण असते.

हातोड्याऐवजी बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाचा वॉशर किंवा वळवलेला दट्ट्या आणि लांब बोल्ट यांनी नग हळूहळू, सरळ खेचून बसवावा. आर्बर प्रेस असेल तर आणखी चांगले. हबची सीट झिजून बाहेरचे कडे आतच फिरू लागले असेल तर नवा नग घालून भागत नाही. थोडी झीज असेल तर बेअरिंग धरून ठेवणारा चिकट द्रव आणि जास्त असेल तर लेथवर सीट बोअर करून पातळ बुश ठोकणे हे उपाय आहेत, आणि एरवी फेकून दिला जाणारा हब असा वाचवणे कागलसारख्या ठिकाणी सहज शक्य आहे. वाटी-कोनाच्या हबमध्ये कोन इतकाच आवळावा की रिम धरून हलवल्यावर डुगडुग लागू नये आणि आस बोटांनी फिरवल्यावर कुठेही अडकू नये. सैल कोन छर्‍यांना आपटवतो आणि घट्ट कोन त्यांना रगडतो. लॉकनट आवळताना कोनही सोबत फिरतो, म्हणून कोन पातळ पान्याने धरूनच लॉकनट कसावा आणि मग पुन्हा तपासावे.

परवडण्याचे माप

परवडणारे म्हणजे नगाची किंमत कमी असणे नव्हे, तर एका पावसाळ्यामागे होणारा खर्च कमी असणे. या मापाने पाहिले तर क्रम स्पष्ट होतो : वाटी-कोनाच्या हबसाठी एकाच पाकिटातले क्रोम पोलादाचे छर्रे, खड्डा पडला असल्यास सोबत नवा कोन, भरपूर ग्रीस आणि दरवर्षी पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर एकदा ओव्हरहॉलिंग; बंद बेअरिंगच्या हबसाठी क्रमांक तपासून नामवंत शिक्क्याचा टूआरएस, साध्या मोकळिकीचा नग, अधिकृत वितरकाकडून घेतलेला आणि प्रेसने बसवलेला. यांत कुठेही मोठा खर्च नाही, काळजी मात्र प्रत्येक पायरीवर आहे.

ही काळजी कामगाराने एकट्याने वाहावी असेही नाही. वसाहतीतील मोठ्या कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागात प्रेस, पुलर, ग्रीस, व्हर्निअर आणि बेअरिंग ओळखणारी माणसे आधीच आहेत. मे महिन्याच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सायकल स्टँडवर ही साधने मांडून कामगारांच्या हबची तपासणी करून दिली, नग वितरकाकडून एकत्र मागवले, आणि आयटीआयच्या प्रशिक्षणार्थींना त्यावर हात बसवू दिला, तर कारखान्याला त्याचा भार जाणवणार नाही. मशीनच्या स्पिंडलमधले बेअरिंग वेळेत बदलले जाते कारण ते बंद पडले तर उत्पादन थांबते. जो कामगार पहाटेच्या पाळीला भर पावसात सायकलवर येतो, त्याचे चाक थांबले तर त्या दिवशीची त्याची हजेरी थांबते, आणि म्हणून त्या चाकातील नगही तितक्याच दक्षतेने निवडला गेला पाहिजे.